गाडीवरच्या छापील ग्राफिक्ससाठी व्हिनाइल आणि प्रिंटर कसा निवडावा

गाडीवर दुकानाचे नाव, उत्पादनाचे चित्र किंवा संपूर्ण जाहिरात लावायची ठरली की छपाईवाल्याकडे गेलेला ग्राहक बहुधा आधी मशीनबद्दल विचारतो. इको-सॉल्व्हेंट आहे का, लेटेक्स आहे का, यूव्हीवर छापून मिळेल का, आणि मग चौरस फुटाचा भाव काय. ज्या व्हिनाइलवर, म्हणजे मागे गोंद असलेल्या प्लास्टिकच्या फिल्मवर, हे सारे छापले जाणार त्याचा विषय शेवटी निघतो, किंवा निघतच नाही. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्षात खराब झालेले एखादे ग्राफिक जवळून पाहिले तर त्यातली शाई बऱ्याचदा शाबूत असते. कडा सुटलेल्या असतात, कंगोऱ्यांमधली फिल्म पत्र्यापासून उचललेली असते आणि अक्षरांभोवती काळपट चिकट रेघ उमटलेली असते. ही रेघ म्हणजे फिल्म आकसल्यामुळे उघड्या पडलेल्या गोंदावर बसलेली धूळ. असे दोष कितीही महागड्या प्रिंटरने टळत नाहीत. म्हणून निवडीची सुरुवात गाडीच्या पत्र्यापासून करावी, त्यावरून फिल्म ठरवावी, फिल्मवरून लॅमिनेशन (छपाईवर बसवायचा पारदर्शक थर), आणि प्रिंटरचा विचार त्यानंतर करावा, असे माझे मत आहे.

पत्रा काय मागतो

कंटेनरची बाजू किंवा टेम्पोच्या बंद बॉडीची भिंत सपाट असते आणि तिथे जवळजवळ कोणतीही बरी फिल्म टिकते. दरवाजा किंवा व्हॅनची बाजू एकाच दिशेने हलकी वळलेली असते. अशा वळणावर सपाट फिल्म न ताणता बसते. बॉनेट, मडगार्ड, बंपर आणि दरवाजाच्या मुठीमागची खोलगट वाटी हे भाग मात्र दोन दिशांनी वळलेले असतात आणि तिथे फिल्म ताणल्याशिवाय बसूच शकत नाही. ताणलेली फिल्म पुन्हा मूळ मापावर जाऊ पाहते की नाही, या एका गोष्टीवर पुढचा सगळा खर्च आणि सगळे आयुष्य अवलंबून राहते. रिव्हेट ठोकलेली बसची बॉडी आणि पन्हळी पत्रा यांचाही समावेश याच अवघड वर्गात करावा लागतो, कारण लांबून सपाट दिसणाऱ्या त्या पृष्ठभागावर प्रत्येक रिव्हेटपाशी आणि प्रत्येक पन्हळीत फिल्म ताणली जाते.

त्याखेरीज पत्र्याचा रंग किती जुना आहे हेही पाहावे लागते. नुकत्याच रंगवलेल्या गाडीच्या रंगातून काही दिवस वाफ बाहेर पडत राहते आणि ती फिल्मखाली अडकली की फुगे येतात. जुना, खडूसारखी भुकटी सोडणारा रंग असेल तर गोंद त्या भुकटीला चिकटतो आणि तिच्यासह निघून येतो. स्वस्त मॉडेलांवर येणारे न रंगवलेले, खरखरीत काळे प्लास्टिकचे बंपर तर गोंदाला धरूच देत नाहीत. तिथे ग्राफिक लावण्याचा आग्रह न धरणे हेच शहाणपणाचे.

तीन प्रकारच्या फिल्म

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. हे प्लास्टिक मुळात कडक असते आणि त्यात प्लास्टिसायझर नावाचे मऊपणा आणणारे द्रव्य मिसळून ते लवचीक केले जाते. फिल्म बनवण्याच्या मुख्य पद्धती दोन. कॅलेंडर्ड फिल्म ही गरम पीव्हीसीचा गोळा जड रुळांमधून दाबत, ओढत, पातळ करत बनते. कास्ट फिल्म ही पातळ मिश्रण एका गुळगुळीत कागदावर ओतून, भट्टीत सुकवून बनते. पोळी लाटणे आणि घावन घालणे यांत जो फरक आहे तोच इथे आहे: लाटलेल्या पिठात ताण राहतो आणि ते आखडू पाहते, ओतलेले पीठ जिथे पसरते तिथेच स्थिरावते. म्हणून कॅलेंडर्ड फिल्म उन्हाने तापली की हळूहळू आकसते आणि खोलगट भागात दाबून बसवली असेल तर वर उचलली जाते. कास्ट फिल्म योग्य रीतीने तापवून बसवली की बसलेल्या आकारात राहते.

कॅलेंडर्ड फिल्ममध्ये पुन्हा दोन दर्जे आहेत आणि त्यांची नावे प्लास्टिसायझरवरून पडली आहेत. मोनोमेरिक फिल्ममधील प्लास्टिसायझरचे रेणू लहान असतात. ते फिल्ममधून सुटून पृष्ठभागाकडे आणि गोंदात झिरपतात, त्यामुळे फिल्म कडक व ठिसूळ होते आणि गोंद बिघडतो. पॉलिमेरिक फिल्ममध्ये हे रेणू लांब साखळीचे असल्याने ते आत अडकून राहतात आणि फिल्म अधिक वर्षे मऊ राहते, आकसतेही कमी. बाजारात ज्याला नुसते ‘व्हिनाइल’ म्हणून भाव सांगितला जातो ते बहुतांशी मोनोमेरिक असते. निवडणुकीचा प्रचाररथ, उत्सवातील गाडी किंवा महिना-दोन महिन्यांची जाहिरात यांसाठी ते पुरेसे आहे आणि तिथे कास्ट फिल्म वापरणे ही उधळपट्टीच ठरेल. अट एवढीच की मुदत संपताच ते उतरवले पाहिजे.

कास्ट फिल्मची ओळखीची नावे म्हणजे थ्रीएमची आयजे १८०, एव्हरी डेनिसनची एमपीआय ११०५ आणि ओराफोलची ओराजेट ३९५१; ओराफोलचीच ओराजेट ३६५१ ही पॉलिमेरिक आहे. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत या फिल्मचे आयुष्य वर्षांत दिलेले असते, पण तो आकडा सहसा समशीतोष्ण हवामानासाठी आणि उभ्या पृष्ठभागासाठी असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला, आणि त्यातही सूर्य थेट डोक्यावरून तळपतो त्या बॉनेटला व टपाला तो आकडा लागू होत नाही. आडव्या भागांचे आयुष्य उभ्या भागांच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी धरून चालावे.

मायक्रॉन आणि जीएसएमचा घोळ

दुकानात फिल्मचा दर्जा सांगताना ‘शंभर मायक्रॉन, एकशेचाळीस जीएसएम’ असे आकडे सांगितले जातात आणि ऐकणाऱ्याला वाटते की जाड ते मजबूत. यातला मायक्रॉनचा आकडा फिल्मच्या जाडीचा असतो, परंतु मोनोमेरिक फिल्म साधारण ८० ते १०० मायक्रॉन आणि कास्ट फिल्म जेमतेम ५० मायक्रॉन असते. म्हणजे या व्यवहारात महाग आणि टिकाऊ वस्तू ही पातळ असते, कारण पातळ फिल्म कंगोऱ्यात सहज वळते आणि तिची उलट ओढ कमी असते. जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम याचा, आकडा तर फिल्मचा नसतोच. तो मागच्या रिलीज पेपरच्या वजनाचा असतो, जो चिकटवताना सोलून कचऱ्यात जाणार असतो.

खात्री करण्याचे दोन साधे उपाय आहेत. नामांकित कंपन्यांच्या रोलच्या मागच्या कागदावर बहुधा कंपनीचे नाव किंवा खूण छापलेली असते, ती आपल्या डोळ्यांनी पाहावी. दुसरा उपाय अधिक बोलका आहे. फिल्मचा वीतभर तुकडा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवून, त्यावर कटरने अधिकच्या चिन्हासारखा छेद द्यावा आणि तो पत्रा भर उन्हात आठवडाभर ठेवावा. मोनोमेरिक फिल्ममध्ये त्या छेदाची फट रुंदावलेली स्पष्ट दिसते, पॉलिमेरिकमध्ये ती बारीक असते आणि कास्टमध्ये जवळपास दिसत नाही. फिल्म उत्पादक प्रयोगशाळेत आकसण्याची चाचणी याच धर्तीवर घेतात, फक्त उन्हाऐवजी भट्टी वापरतात.

आणखी एक गैरसमज गोंदाविषयी आहे. काही फिल्मच्या गोंदात अतिसूक्ष्म नळ्यांची जाळी असते. स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी) फिरवली की अडकलेली हवा त्यांतून निघून जाते आणि फुगे राहत नाहीत. ही सोय उत्तम आहे, मोठ्या कामात ती असायलाच हवी, पण ती पॉलिमेरिक फिल्मलाही मिळते. ‘एअर रिलीज आहे, म्हणजे रॅपचीच फिल्म आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये; रॅप म्हणजे गाडी पूर्णपणे फिल्मने झाकणे. जुन्या जाहिरातीवर किंवा दोन रंगांच्या पत्र्यावर काम करायचे असेल तर मागून करडा थर असलेली, खालचे न दाखवणारी फिल्म घ्यावी, आणि दोन वर्षांत गाडी विकायची असेल तर कायमस्वरूपी गोंदाऐवजी पुढे काढता येणारा गोंद मागून घ्यावा.

आता प्रिंटर

वाहनांच्या कामात चार प्रकारच्या शाया भेटतात: सॉल्व्हेंट, इको-सॉल्व्हेंट, लेटेक्स आणि यूव्ही.

गावोगावी फ्लेक्स छापणारी मोठी मशीन साधारणपणे सॉल्व्हेंट शाईवर चालतात. हे द्रावण व्हिनाइलचा पृष्ठभाग किंचित विरघळवून रंगद्रव्य त्यात रुतवते, त्यामुळे रंग पक्का बसतो आणि छपाई स्वस्त पडते. तोटा असा की थेंब मोठा असल्याने जवळून दाणे दिसतात, वास उग्र असतो आणि फिल्ममध्ये द्रावण पुष्कळ राहून जाते. कंटेनरच्या भिंतीवरची भलीमोठी अक्षरे रस्त्यापलीकडून वाचायची असतील तर दाण्यांनी काही बिघडत नाही. उरलेल्या द्रावणाने मात्र बिघडते.

इको-सॉल्व्हेंट हा त्याच कुळातला सौम्य प्रकार आहे. थेंब बारीक, वास कमी, चेहरे आणि खाद्यपदार्थ यांची चित्रे स्वच्छ येतात आणि शाई फिल्मसोबत चांगली ताणली जाते. रोलँड, मिमाकी, म्युटोह आणि एप्सन यांच्या या वर्गातील मशीनवर गाड्यांचे पुष्कळ काम होते. पण ‘इको’ या उपसर्गामुळे त्यात द्रावण नसतेच असे समजू नये. छपाई हाताला कोरडी लागली तरी आतले द्रावण उडून जायला किमान २४ तास आणि गडद रंग असतील तर ४८ तास लागतात. आणि या काळात रोल घट्ट गुंडाळून ठेवला तर मधल्या वेढ्यांतून काहीच बाहेर पडत नाही. रोल सैल करून, उभा ठेवून किंवा छापील पट्टे टांगून ठेवावे लागतात. घाईने त्याच संध्याकाळी लॅमिनेशन केले की द्रावण वरच्या बाजूने कोंडले जाते, ते खालच्या गोंदात उतरते, फिल्म मऊ पडते आणि कापलेल्या कडा कुरळ्या होऊन उठतात. गडद निळ्या किंवा काळ्या पार्श्वभूमीच्या कामात हा दोष अधिक दिसतो, कारण तिथे शाईच जास्त ओतलेली असते. ‘सकाळी फाइल द्या, संध्याकाळी गाडी न्या’ असे आश्वासन इको-सॉल्व्हेंटवाला देत असेल तर तो लॅमिनेशन तरी करत नाही किंवा वाट तरी पाहत नाही.

ही वाट पाहण्याची गरज लेटेक्समध्ये उरत नाही. एचपीने २००८ साली आणलेल्या या पद्धतीत शाई पाण्यावर आधारित असते. मशीनमधील उष्णतेने पाणी उडते, शाईतले पॉलिमरचे कण वितळून रंगाचा पातळ थर फिल्मवर बसवतात आणि छपाई बाहेर पडताच लॅमिनेशनला घेता येते. वास नाही, ताण सोसण्याची क्षमता चांगली, त्यामुळे पूर्ण रॅपसाठी लेटेक्स ही सोयीची निवड आहे. तिची अडचण विजेची आहे: उष्णता निर्माण करायला ही मशीन बरीच वीज खेचतात आणि विजेचा दाब खालीवर होणाऱ्या ठिकाणी त्यांचे गणित अवघड होते. शिवाय त्या उष्णतेत हलकी मोनोमेरिक फिल्म कधी कधी सुरकुतते किंवा तिची लांबी किंचित बदलते, आणि मग शेजारशेजारचे दोन पट्टे जुळत नाहीत.

यूव्ही शाई अतिनील दिव्याच्या प्रकाशात जागच्या जागी घट्ट होते. ताबडतोब कोरडी, द्रावणरहित, पांढरी शाईही उपलब्ध, म्हणून सनबोर्ड, अॅक्रिलिक आणि सपाट फलकांसाठी ती फार चांगली. गाडीवर तिच्याबाबत सावध राहावे. घट्ट झालेला थर जाड आणि तुलनेने कडक असतो. फिल्म ताणली की साध्या यूव्ही शाईला बारीक भेगा पडतात. लवचीक यूव्ही शाया मिळतात, परंतु त्यांचाही उपयोग सपाट आणि हलक्या वळणापुरता मर्यादित ठेवणे बरे. थराच्या उंचसखलपणामुळे लॅमिनेशनखाली हवेचे अतिसूक्ष्म कण अडकतात आणि काळा रंग राखाडी, रुपेरी झाक मारल्यासारखा दिसतो.

उन्हात रंग फिकट होण्याचा क्रम चारही शायांत साधारण सारखाच आहे. काळा आणि निळसर सायन यांची रंगद्रव्ये उन्हाला चिवट असतात, पिवळा आणि गुलाबीसर मॅजेंटा लवकर हार मानतात. म्हणून चौकातले जुने फलक निळे-करडे पडलेले दिसतात. लाल, भगवा किंवा केशरी रंग हीच ज्यांची ओळख आहे त्यांनी लॅमिनेशनमध्ये कंजुषी करू नये. मोठी सपाट लाल पट्टी असेल तर ती छापण्याऐवजी रंगीत फिल्ममधून कापून लावणे अधिक टिकाऊ असते. ज्याला बाजारात सरसकट रेडियम म्हणतात ते कटिंगचे काम अजूनही या जागी छपाईला भारी आहे.

लॅमिनेशनची जोडी

लॅमिनेशन म्हणजे छपाईवर बसवलेली पारदर्शक फिल्म. ती अतिनील किरण अडवते आणि धुण्याचा ब्रश, डिझेलचे ओघळ, फांद्यांचे ओरखडे स्वतःवर घेते. नियम एकच, पण तोच सर्वांत जास्त मोडला जातो: कास्ट फिल्मवर कास्ट लॅमिनेशनच हवे. खाली ५० मायक्रॉनची शांत कास्ट फिल्म आणि वर ८० मायक्रॉनचे स्वस्त मोनोमेरिक लॅमिनेशन बसवले तर वरचा जाड थर आकसताना खालच्या पातळ थराला सोबत ओढून नेतो, आणि महाग फिल्मचे पैसे पाण्यात जातात. कोटेशनमध्ये ‘कास्ट व्हिनाइल विथ लॅमिनेशन’ एवढेच लिहिलेले असेल तर हा खेळ तिथे होण्याची शक्यता असते. लॅमिनेशनचा रोल मशीनवर फार ताणून चढवला तरी हाच परिणाम होतो.

एका टेम्पोचा हिशेब

दूध किंवा बेकरीचा माल पोचवणारा, बंद बॉडीचा टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, उदाहरणादाखल घेऊ. मालकाला तीन-चार वर्षे टिकणारे ग्राफिक हवे आहे. मागच्या डब्याच्या दोन्ही भिंती आणि दरवाजे सपाट आहेत. तिथे पॉलिमेरिक फिल्म, त्याच दर्जाचे लॅमिनेशन आणि इको-सॉल्व्हेंट किंवा लेटेक्स छपाई ही पुरेशी योजना आहे. भिंत पन्हळी असेल तर तेवढ्या भागासाठी कास्ट घ्यावी, किंवा पन्हळींवर चित्र न नेता मजकूर लहान सपाट पट्ट्यात बसवावा. केबिनच्या दरवाजांवर फक्त नाव आणि बोधचिन्ह हवे असल्यास तेही पॉलिमेरिकमध्ये, कंगोऱ्यापासून थोडे आत थांबवून चालते. केबिनचा पुढचा भाग सबंध झाकायचा हट्ट असेल तर तिथे कास्टला पर्याय नाही, आणि माझ्या मते तो हट्ट सोडून तोच पैसा मागच्या दरवाजांवर घालवावा, कारण वाहतुकीत मागे अडकलेला माणूस तेच सर्वांत जास्त वेळ वाचतो. एकाच गाडीवर दोन दर्जांच्या फिल्म वापरल्या तर दोन्ही एकाच मशीनवर, प्रत्येक फिल्मचे स्वतंत्र रंग-प्रोफाइल (त्या फिल्मसाठीची रंगांची सेटिंग) लावून छापून घ्याव्यात. नाहीतर केबिनवरचा निळा आणि डब्यावरचा निळा वेगळे दिसतात.

बसवण्याबाबत थोडेच सांगायचे आहे. पत्रा धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पुसून, ते उडण्याआधी स्वच्छ कापडाने कोरडा करावा. फिल्म दरवाजाच्या फटीवरून अखंड नेऊ नये. प्रत्येक कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत कापावी. दोन पट्टे एकमेकांवर चढतात तिथे पुढचा पट्टा मागच्याच्या वर असावा, म्हणजे वाऱ्याचा झोत आणि पावसाचे पाणी फटीत शिरत नाही. खोलगट भागात कास्ट फिल्म बसवून झाली की तो भाग हीट गनने साधारण ९० ते १०० अंशांपर्यंत पुन्हा तापवावा लागतो, तेव्हाच तिच्यातला ताण मोडतो. हे तापमान हाताच्या अंदाजाने कळत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणारा कारागीर असेल तर त्याला चार पैसे जास्त द्यावेत. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर काम सुरू केले तर गोंद पहिल्या स्पर्शाला धरतो आणि पट्टा सरळ करायला उचलता येत नाही.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे संपूर्ण रॅपने रंगच बदलणार असेल तर आधी आरटीओकडे विचारणा करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे; वन वे व्हिजन फिल्ममध्ये (बाहेरून चित्र आणि आतून आरपार दिसणाऱ्या सच्छिद्र फिल्ममध्ये) छिद्रांचा भागच ४० ते ५० टक्के असतो, म्हणून ती मागच्या काचेवर लावली की नियम मोडतोच. परावर्तक पट्ट्या, दिवे आणि नंबर प्लेट यांवर ग्राफिकचा इंचभर भागही येता कामा नये.

कोटेशन घेताना फिल्मची कंपनी व क्रमांक, लॅमिनेशनची कंपनी व क्रमांक, शाईचा प्रकार, छपाई आणि लॅमिनेशन यांमध्ये किती तास ठेवणार आणि ग्राफिक उतरवण्याचा खर्च कोणाचा, हे लिहून मागावे. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात. मुदत उलटून गेलेली मोनोमेरिक फिल्म नखाएवढ्या तुकड्यांनी निघते आणि गोंद पत्र्यावरच राहतो, मग सॉल्व्हेंट आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन एका टेम्पोमागे दोन माणसांचा दिवस जातो. मुदतीत उतरवलेली चांगली कास्ट फिल्म थोडी गरम करून, पत्र्याशी तिरक्या कोनात सावकाश ओढली तर सहसा मोठ्या पट्ट्यांनी सुटते. दोन दरांची तुलना करताना हा दिवसही स्वस्त दराच्या खात्यात मांडावा.